नात कॉलेजला जाते, पण अकरावीत

गेल्या सप्टेंबरात आईला फोनवर मोठ्या कौतुकानं सांगितलं, "तुझी नात कॉलेजला जायला लागली."

"कितवीत आहे आता?"

"अकरावीत."

"मग त्यात नवल ते काय? तू नाही का अकरावीतच कॉलेजला गेलीस!"

निरुत्तर झाले. आईची स्वतःची अकरावी म्हणजे जुनी मॅट्रिक, शाळेतच, दोन वेण्या घालून. माझी अकरावी ज्युनिअर कॉलेजात. युनिफॉर्म सुटला, कॅन्टीन आलं, एवढंच काय ते कॉलेज. हजेरी भरली नाही की वडिलांच्या नावानं घरी पत्र यायचं. मैत्रिणींना यायचं, मला कधी आलं नाही.

लेकीचं कॉलेज मात्र खरंखुरं. आम्ही राहतो वॉशिंग्टन राज्यात, म्हणजे राजधानीत नव्हे, पार पश्चिमेला, सिअ‍ॅटलच्या बाजूला. इथे १९९० च्या कायद्यानं 'रनिंग स्टार्ट' नावाची सोय झाली. अकरावी-बारावीची मुलं सरकारी कम्युनिटी कॉलेजात जाऊन तिथल्याच वर्गात बसतात. शिकवणीची फी भरावी लागत नाही. पुस्तकं आणि किरकोळ शुल्क आपल्या खिशातून. बसचाही खर्च नाही, कारण २०२२ पासून राज्यात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना बस फुकट आहे. इथे प्रत्येक विषयाचं वजन क्रेडिट नावाच्या मापात मोजतात. कॉलेजचा पाच क्रेडिटचा एक कोर्स शाळेच्या एका अख्ख्या क्रेडिटइतका धरतात. म्हणजे शाळेत वर्षभर रेंगाळणारा विषय इथे एका क्वार्टरमध्ये, जेमतेम अकरा आठवड्यांत उरकतो. दोन वर्षं नेटानं केलं तर बारावी संपताना हातात ९० क्रेडिटची असोसिएट डिग्री, म्हणजे इथल्या पदवीची निम्मी वाट.

मंडळाच्या गणपतीत हे सांगितलं, तर दोघीतिघींनी भुवया उंचावल्या. "एपी नाही घेतल्या?" एपी म्हणजे शाळेतच शिकायचे कॉलेजच्या पातळीचे विषय. मे महिन्यात 'कॉलेज बोर्ड' नावाच्या संस्थेची परीक्षा, १ ते ५ गुण, आणि तीन किंवा त्याहून जास्त पडले तर पुढे काही विद्यापीठं क्रेडिट देतात. आपल्या लोकांना एपी मनापासून आवडते, याचं कारण माझ्या मते सरळ आहे. तीन तासांचा पेपर, बाहेरचा परीक्षक, वर्षाचा सोक्षमोक्ष एका सकाळी. बोर्डाची परीक्षाच ती!

लेकीला ते नको होतं. पहिल्या आठवड्यात ती रसायनशास्त्राच्या लॅबमधून आली ती थोडी बावरूनच. तिचा जोडीदार सैन्यातून निवृत्त झालेला, चाळिशीचा, दोन मुलांचा बाप. ब्युरेटचा नळ सोडताना त्याचा हात जराही हलत नाही म्हणे. पण मोलचं गणित त्याला हिच्याकडून समजून घ्यावं लागतं. मागच्या बाकावर रात्रपाळी करून आलेली एक बाई बसते आणि तास संपेपर्यंत डोळा मिटू देत नाही. "आई, तिथे कुणी टाइमपास करत नाही गं," ती म्हणाली. आमच्या अकरावीत दुसरं काय होतं, ते मी सांगितलं नाही.

नोव्हेंबरात मला शंका आली. कॅल्क्युलसची वही टेबलावर दिसेना. विचारलं की "चाललंय" एवढंच उत्तर. मग एका दुपारी गेले थेट कॉलेजात. खिडकीमागच्या मुलीनं हसून विचारलं, "विद्यार्थी तुम्ही आहात का?" मी म्हटलं, आई आहे. तिनं तितक्याच गोडीनं सांगितलं की विद्यार्थिनीची सही असल्याशिवाय काही सांगता येणार नाही. मूल अठराचं झालं, किंवा त्याआधीच कॉलेजात दाखल झालं, की नोंदींवरचा हक्क आईबापांकडून मुलाकडे जातो. १९७४ चा 'फर्पा' नावाचा कायदा आहे. माझी लेक सोळा वर्षांची. दाढदुखीच्या गोळीसाठी अजून माझी सही लागते! पार्किंगचे पैसे भरले आणि परत आले.

रात्री तिनंच सांगितलं. पहिली चाचणी वाईट गेली, दुसरी त्याहून वाईट, म्हणून मुदतीच्या आत तिनं विषय सोडला होता. 'डब्ल्यू' लागला, म्हणजे विषय सोडल्याचा शेरा. तो सरासरीत धरत नाहीत, पण गुणपत्रिकेवर कायमचा राहतो आणि विद्यापीठाच्या अर्जात दाखवावा लागतो. शिवाय शाळेचं एक क्रेडिट हुकलं. बारावी पुरी करायला २४ लागतात, त्यातली तीन गणिताची, म्हणजे ते कुठेतरी भरून काढणं आलंच. सगळा हिशेब तिनं आधीच कागदावर मांडला होता. ओरडायला मला जागाच ठेवली नव्हती. तरी थोडं ओरडले.

रविवारी आईला सगळं सांगितलं.

"म्हणजे घरी पत्रबित्र काही येत नाही?"

"नाही. ती सांगेल तेव्हा कळायचं."

आई जरा थांबली. "तुझं आलं होतं एकदा," ती म्हणाली. "पोस्टमननं माझ्याच हातात दिलं. ह्यांना काही मी दाखवलं नाही."