सोळांपैकी दोनच रजिस्टर्स बिघडत होती

तक्रार अशी होती की मोजमापाचा एक प्रोग्रॅम तासन्‌तास बरोबर चालतो आणि मध्येच एखाद्या बेरजेत अशक्य आकडा येतो. क्रॅश नाही, लॉगमध्ये ओळ नाही, मेमरीची तपासणीही निर्दोष. चुका फक्त फ्लोटिंग पॉइंटच्या, म्हणजे दशांशांच्या, गणितात होत्या, पूर्णांक कधीच बिघडले नव्हते.

एक्स८६-६४ (इंटेल-एएमडी प्रकारच्या ६४-बिट) प्रोसेसरच्या लिनक्सवर हा फरक फार बोलका असतो. इंटरप्ट (चालू काम मध्येच थांबवणारा संकेत) आला की पूर्णांकांची साधी १५ रजिस्टर्स (प्रोसेसरमधल्या आकडे ठेवायच्या छोट्या जागा) स्टॅकवर, म्हणजे मेमरीत, ठेवली जातात. प्रोसेसरने स्वतः ठेवलेल्या गोष्टी धरून ती चौकट १६८ बाइट्सची होते. फ्लोटिंग पॉइंटचं गणित ज्यांत होतं ती एक्सएमएम रजिस्टर्स तिच्यात नसतात. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, एसएसई (एक्सएमएम वापरणाऱ्या सूचना) बंद ठेवूनच कंपाइल होतो, त्यामुळे ती प्रोसेसरमध्ये आहेत तशी राहू दिली तरी चालतं. टास्क बदलताना, म्हणजे प्रोसेसर एका प्रोग्रॅमकडून दुसऱ्याकडे जाताना, मात्र ती मेमरीत उतरवली जातात. म्हणून संशय दोघांवर होता: टास्क बदलणारा कोड, नाहीतर मध्येच येऊन परस्पर एक्सएमएम वापरणारं कुणीतरी.

जीडीबी या डीबगरमध्ये एकेक सूचना पुढे सरकवली की दोष गायब व्हायचा, आणि तसं होणं साहजिकच होतं. प्रत्येक थांब्यावर प्रोग्रॅम प्रोसेसरवरून उतरतो, त्याची रजिस्टर्स मेमरीत सुरक्षित जातात, आणि मधल्या काळात होणारं नुकसान त्याला लागतच नाही. अशा दोषाला डीबगर लावण्यात वेळ घालवू नये, असं माझं ठाम मत आहे.

त्याऐवजी असेंब्लीत छोटा लूप लिहिला. शून्य ते पंधरा या प्रत्येक वायएमएम रजिस्टरच्या (एक्सएमएम हा त्याचाच खालचा अर्धा भाग) ३२ही बाइट्समध्ये त्याचाच क्रमांक भरायचा, सगळी बफरमध्ये उतरवायची आणि बफर साध्या रजिस्टर्सनी तपासायचा. लूपमध्ये सिस्टिम कॉल (कर्नलकडे केलेली मागणी) नाही, लायब्ररीचं फंक्शन नाही. सी-मधलं फंक्शन एक्सएमएम जपायला बांधलेलंच नसतं, त्यामुळे मजकूर छापणारं एक प्रिंटएफसुद्धा निष्कर्ष बिघडवतं. मग प्रॉक-इंटरप्ट्स ही लिनक्सची फाइल पाहून नेटवर्क कार्डाचे इंटरप्ट कोणत्या कोरवर येतात ते शोधलं, टास्कसेट या आज्ञेने लूप त्याच कोरवर बांधला आणि कार्डावर वाहतूक सोडली. दोष लगेच सापडला.

बिघडलेली रजिस्टर्स फक्त ० आणि १, आणि त्यांचेही खालचेच १६ बाइट्स. वरचे १६ शाबूत. टास्क बदलताना दुसऱ्याची स्थिती चढली असती तर सोळाही रजिस्टर्स बदलली असती. एव्हीएक्सची (एसएसईनंतर आलेली, वायएमएम वापरणारी) सूचना असती तर १२८ बिट लिहितानाही वरचा अर्धा भाग शून्य झाला असता. तो तसाच राहतो, म्हणजे सूचना जुन्या एसएसईची. शिवाय बिघडलेल्या बाइट्समध्ये पॅकेटमधला मजकूर ओळखू येत होता.

नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर कर्नलच्या बाहेरून आलेला होता. त्याच्या मॉड्यूलवर ऑब्जडम्प (तयार फाइलमधल्या सूचना दाखवणारं साधन) चालवून एक्सएमएम शोधल्यावर चेकसमच्या (पॅकेट शाबूत आहे का ते पडताळणाऱ्या बेरजेच्या) फंक्शनमध्ये मूव्हडीक्यूयू आणि पीअ‍ॅडडी या एसएसईच्या सूचना दिसल्या. सी-कोडमध्ये साधा पूर्णांकांचा लूप होता, पण मेकफाइलमध्ये, म्हणजे बिल्डच्या फाइलमध्ये, ओ३ (कोड वेगवान करा) आणि एमएसएसई२ (एसएसई वापरा) हे पर्याय जोडलेले. नंतरचा पर्याय कर्नलच्या बंदीवर मात करतो, आणि जीसीसी हा कंपायलर लूप व्हेक्टराइझ करून टाकतो, म्हणजे एका सूचनेत अनेक आकडे हाताळणारा बनवतो. हे फंक्शन सॉफ्टआयआरक्यूमध्ये (इंटरप्टच्या मागोमाग कर्नल करतो त्या कामात) चालायचं, म्हणजे प्रोग्रॅमच्या कोणत्याही दोन सूचनांच्या मध्ये.

कर्नल_एफपीयू_बिगिन आणि कर्नल_एफपीयू_एंड या कर्नलच्या फंक्शन्सच्या मध्ये तो लूप ठेवणं हा नियमात बसणारा उपाय. बिगिन प्रोग्रॅमची स्थिती मेमरीत उतरवतं आणि युजर मोडमध्ये परतताना ती पुन्हा चढवली जाते. पण दोघांच्या मध्ये कोडला झोपता, म्हणजे थांबून वाट पाहता, येत नाही, आणि लहान पॅकेटला ही उतरवा-चढव वाचणाऱ्या वेळेपेक्षा महाग पडू शकते. म्हणून एमएसएसई२ काढून टाकला. पुन्हा बांधलेल्या मॉड्यूलमध्ये एक्सएमएमचा उल्लेख उरला नाही आणि लूप रात्रभर पूर्ण वाहतुकीखाली स्वच्छ चालला. आता प्रत्येक बिल्डनंतर ऑब्जडम्पची हीच तपासणी आपोआप होते. एक्सएमएम, वायएमएम किंवा त्याहून रुंद झेडएमएम सापडलं की बिल्ड थांबतो.