बंद तलाव आणि खर्जाचा सा

दिवाळीच्या रजेत मालवणला केलेल्या शेवटच्या स्कूबा डाइव्हची, म्हणजे पाठीवर हवेचा सिलिंडर बांधून मारलेल्या बुडीची, नोंद माझ्या लॉगबुकात आहे: खोली ९ मीटर, सिलिंडरमधल्या हवेचा दाब २०० बारवरून ५० बार, वेळ २९ मिनिटं. माझ्या बडीच्या, म्हणजे बुडीतल्या जोडीदाराच्या, सिलिंडरमध्ये तेव्हा १०० बार शिल्लक होते. पण जोडीतल्या एकाची हवा संपत आली की दोघांनीही वर यायचं, हा नियम. तो काही बोलला नाही. होडीत बसून पायातले फिन्स काढताना मलाच फार लागलं.

मालवणचा समुद्र पावसाळ्यात बंद असतो, हिवाळा तर तिथला ऐन हंगाम. माझं उलटं आहे. मी ग्वाल्हेरला बँकेत नोकरी करते. मार्चअखेर उरकेपर्यंत लांब रजेचं नावच काढायचं नाही, आणि इथले तरणतलाव थंडी पडली की बंद. जानेवारीत पहाटे पारा चार-पाच अंशांवर येतो, बाड्याच्या चौकात धुकं इतकं की समोरची टपाल कचेरी दिसत नाही. पाच महिने पाण्याशिवाय काढायचे होते, आणि एप्रिलमध्ये पुन्हा २९ मिनिटांत वर यायचं नव्हतं.

पहिली चूक मी डिसेंबरात केली. एका हॉटेलचा तरणतलाव उघडा आहे असं कळलं. पाणी गरम करत नव्हते, पण माझ्याकडे बुडीचा ३ मिलिमीटर जाडीचा रबरी सूट होता. सूट आहे म्हणजे झालं, असं मला वाटलं. धाकटे दीर काठावर उभे होते, म्हणून निभावलं. पाण्यात उतरताच श्वास आत ओढला गेला तो बाहेरच येईना. छोटे छोटे, वरचेवर श्वास सुरू झाले. दहाव्या मिनिटाला मास्कचा पट्टा सारखा करायला गेले तर बोटांना पट्टा लागेना. डोळ्यांनी दिसत होता, बोटांना कळत नव्हता. दिरांनी दंडाला धरून बाहेर काढलं. घरी रजईत शिरूनही तासभर दात वाजत होते.

मालवणच्या इन्स्ट्रक्टरना फोन केला. ते रागावले नाहीत, पण स्पष्ट बोलले. "ताई, पाणी हवेपेक्षा पंचवीस पट वेगानं अंगातली ऊब ओढतं. तो सूट आमच्या कोमट समुद्रासाठी. कुडकुडायला लागायच्या आधी बाहेर यायचं असतं, कुडकुडलात म्हणजे उशीर झालाच." आणि थंडीत श्वास भराभर होतो, म्हणून हवाही जास्त लागते. तलावाचा नाद सोडा, श्वासाचं बघा, म्हणाले.

श्वासाचं बघायला मी मावशीकडे गेले. मावशी दौलतगंजात राहते, ग्वाल्हेर घराण्याचं गाणं शिकलेली, आता सत्तरीची. गवयांच्या घरी हिवाळ्याची पहाट म्हणजे खर्जाचा, खालच्या सुरांचा, रियाज, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. बँकेच्या आधी, साडेपाचला तिच्यासमोर बसायचं ठरलं. पायाशी सिगडी, धूर आणि वाफ कोंडू नये म्हणून दार किलकिलं, त्यातून येणारा गारठा, आणि डब्यातला इलेक्ट्रॉनिक तानपुरा चालू. मंद्र सा लावायचा आणि एकाच श्वासावर धरायचा.

पहिल्या दिवशी माझा सा ११ सेकंदांत तुटला. दुसऱ्या दिवशी मी जोर लावून १६ पर्यंत ओढला आणि मोठी कामगिरी केल्यासारखी तिच्याकडे बघितलं. तिनं तानपुरा बंद केला. "शेवटचा थेंब पिळायचा नाही गं. पिळलास की पुढचा श्वास धापा टाकत येतो. थोडा शिल्लक असताना सोड, मग पुढचा आपण होऊन आत येईल." त्या वाक्यापाशी मी थांबले. मालवणला माझं नेमकं हेच होत होतं. हवा वाचवायची म्हणून मी श्वास मधेच रोखायची, मग छाती भरून यायची आणि एका दमात दुप्पट हवा ओढली जायची.

रोखण्यात त्याहून मोठा धोका आहे, तो नवख्यांनी पक्का लक्षात ठेवावा. १० मीटरवर पाण्याचा दाब हवेच्या दाबाएवढाच वर चढतो, म्हणजे एकूण दाब दुप्पट. तिथे भरून घेतलेला श्वास धरून वर आलात तर फुप्फुसातली हवा पसरून दुप्पट व्हायला बघते, आणि फुप्फुस फाटू शकतं. म्हणून स्कूबात श्वास कधीच अडवत नाहीत. सोडायचा, सावकाश.

फेब्रुवारी संपता संपता सा २३ सेकंद टिकू लागला. फुप्फुसं काही मोठी झाली नव्हती. सोडणं लांबलं होतं आणि घेण्यातली घाई गेली होती. ऑफिसात काउंटरवर गर्दी झाली तरी ती लय मला आतून ऐकू यायची.

बाकीचं थोडक्यात. सूट घडी करून ठेवला होता, तो काढून रुंद खांद्याच्या हँगरला लावला. घडीवर सुटाचं रबर, निओप्रीन, कायमचं दबतं. संक्रांतीच्या सुट्टीला पाण्याखालचा टॉर्च उघडला. स्टीलच्या ताटलीत त्याची ओ-रिंग, म्हणजे पाणी अडवणारी रबरी कडी, ठेवून भिंगातून बघितलं, तर खाचेत एक केस आडवा पडलेला. एवढ्या केसावाटेही पाणी आत शिरतं. सासूबाई तिळाच्या लाडवाच्या हातानंच खोबरेल घेऊन आल्या, रबराला लावायला. त्यांना सांगितलं, आई, याला फक्त सिलिकॉन ग्रीस. तेलानं, व्हॅसलीननं असलं रबर खराब होऊ शकतं. मग चिमटा त्यांनीच धरला आणि केस त्यांनीच काढला. जानेवारीत सर्दीनं कान बंद झाले, तेव्हा कानाच्या डॉक्टरांनी बजावलं की नाक चोंदलेलं असताना बुडी नाही, आणि औषधानं तात्पुरतं मोकळं करून तर नाहीच. पाण्याखाली औषधाचा असर उतरला तर वर येताना हवा आत अडकते.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मंगला एक्सप्रेसनं कोकणात उतरले. तीच होडी, तोच बडी, पलीकडे सिंधुदुर्गाचा तट. खाली गेल्यावर पहिली दोन मिनिटं श्वास पुन्हा भराभर झाला. मग मी मनात सा लावला. बुडबुड्यांचा आवाज एका लयीत यायला लागला, मधे चांगली ऐसपैस शांतता. खडकाच्या फटीत एक छोटा मासा तोंड बाहेर काढून बसला होता, त्याच्यासमोर मी हात न हलवता तरंगत राहिले.

घड्याळात २९ वं मिनिट आलं तेव्हा हवेचा गेज बघितला. ९५ बार. बडीनं त्याचा दाखवला: १००. मी ओकेची खूण केली आणि आम्ही खडकाच्या कडेनं पुढे निघालो.