ज्याचं आवार, त्याची बोली नको

आमच्या आबांनी चाळीस वर्षं लासलगावच्या बाजार समितीत कांदा नेला. पहाटे ट्रॉली रांगेत लावायची. लिलाव सुरू झाला की व्यापारी मूठभर कांदा उचलून दाबून बघणार आणि भाव पुकारणार. भाव पडला की आबा घरी येऊन दोन दोन दिवस बोलत नसत. पण खुद्द बाजार समिती बोली लावायला उतरलीय, असं त्यांनी कधी पाहिलं नाही. आवार, परवाने, मापावर देखरेख हे समितीचं काम, माल घेणारे वेगळे.

मी घरच्या थॉमसन द्राक्षांचे बेदाणे एका मोठ्या ऑनलाइन बाजारात विकते, पाव किलोच्या पाकिटात. कुठल्या शहरात कधी मागणी वाढते, कुठल्या भावाला माल उठतो, हे तीन वर्षं ठेचा खात शिकले. मग एका दिवाळीच्या तोंडावर माझ्या पाकिटाच्या वरच त्या बाजाराच्या स्वतःच्या ब्रँडचं पाकीट दिसलं. वजन तेवढंच, पाकीट तसंच, दहा रुपये कमी. आठवडाभरात मी तिसऱ्या पानावर गेले. वर यायचं तर जाहिरातीचे पैसे भरा. माझी विक्री मला दिसते. त्यांना सगळ्यांची दिसते.

आबांना सांगितलं तर म्हणाले, "अगं, मग काटाबी त्याचा, बोलीबी त्याचीच की!"

लासलगावात सगळं आलबेल आहे असं नाही. व्यापारी आपसात भाव ठरवतात, ही आमच्याकडची जुनी तक्रार. बाजारात स्पर्धा निकोप राहते का, हे पाहणाऱ्या सरकारी स्पर्धा आयोगाने २०१२ मध्ये कांदा बाजाराचा अभ्यासही करून घेतला होता. पण तिथे समितीच्या कार्यालयात जाऊन टेबलावर पावती आपटता येते. मला तक्रारीचा एक नंबर मिळाला, बस.

मोठं असणं हा गुन्हा नाही. २००२ च्या स्पर्धा कायद्याचं कलम ४ वर्चस्वाच्या गैरवापराला मनाई करतं, वर्चस्वाला नाही, आणि मला ते पटतं. आयोग दुबळा आहे असंही नाही: अँड्रॉइडच्या प्रकरणात ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याने गूगलला १,३३७.७६ कोटींचा दंड केला. माझं दुखणं ज्या जागी आहे, तिथे मात्र युरोपने नेमकं बोट ठेवलं. डिसेंबर २०२२ मध्ये ॲमेझॉनने तिथल्या आयोगाला बांधून दिलं की विक्रेत्यांची खासगी माहिती आपल्या स्वतःच्या विक्रीसाठी वापरणार नाही. एवढंच तर हवंय मला!

आपल्याकडे दिल्लीच्या व्यापाऱ्यांच्या तक्रारीवरून जानेवारी २०२० मध्ये स्पर्धा आयोगाने ॲमेझॉन आणि फ्लिपकार्टच्या चौकशीचा आदेश काढला. कंपन्या कोर्टात गेल्या. ऑगस्ट २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चौकशी थांबवायला नकार दिला. ठरावीक विक्रेत्यांना झुकतं माप दिल्याचा ठपका चौकशीत ठेवल्याच्या बातम्या यायला २०२४ उजाडलं. तेवढ्यात आमच्या बागेची चार पिकं निघाली. नियम आधीच घालून द्यायचा मसुदाही मार्च २०२४ मध्ये आला, डिजिटल स्पर्धा विधेयकाचा. त्यात आबांचा काटा-बोलीचा नियम स्पष्ट शब्दांत हवा, असं आमच्या खासदारांना मी लिहून पाठवलंय.

सध्या दर बुधवारी नाशिकला गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बाजारात मी पाकिटं घेऊन बसते. शेजारच्या मावशीही बेदाणेच विकतात. त्यांचा भाव मला ऐकू येतो, माझा त्यांना.