बॅच नंबर मेडिकलच्या बिलावर असतो

२०२२ च्या पावसाळ्यात आईला जुलाब-उलट्या सुरू झाल्या म्हणून मिरजेला एका दवाखान्यात ॲडमिट केलं. नाव सांगत नाही, मॅटर अजून चालू आहे. पहिलं सलाईन नीट गेलं, दुसरी बाटली लावून अर्धा तास झाला नसेल तोच हुडहुडी भरली, दोन चादरी आणि ब्लँकेट टाकलं तरी कॉट हलत होती, ताप १०३, बीपी खाली. सिस्टरनी पटकन सलाईन बंद केलं हे त्यांचं बरं. पण पलीकडच्या कॉटवरच्या आबांना पण तसंच झालं तेव्हा माझी ट्यूब पेटली, हा काय जुलाबाचा ताप नाही.

आई ९ दिवस आयसीयूत होती, वाचली. बिल १ लाख ८० हजार.

मी शहाणपणा केला, उरलेली अर्धी बाटली घरी आणून फ्रीजमध्ये ठेवली, बायको जाम वैतागली. दुसऱ्या दिवशी वकील म्हणाले, "अहो, उघडलेल्या बाटलीला काय किंमत नाही, कंपनी म्हणणार घाण तुमच्या घरीच गेली. त्याच बॅचची सीलबंद बाटली पाहिजे." मेडिकलचं बिल काढलं तर प्रत्येक औषधापुढं बॅच नंबर छापलेला, इतकी वर्षं बिलं घेतोय, कधी वाचलंच नव्हतं! त्याच दुपारी अन्न व औषध प्रशासनात लेखी तक्रार दिली, इन्स्पेक्टरनी त्या बॅचच्या बाटल्या सँपल म्हणून उचलल्या. महिनाभर थांबलो असतो तर तो माल विकून संपला असता. निर्जंतुक आहे का बघायला सँपल १४ दिवस ठेवतात, पण रिपोर्ट हातात यायला कितीतरी महिने गेले. फेल. कंपनीनं २८ दिवसांच्या आत आव्हान दिलं मग सँपल कोलकात्याच्या सेंट्रल लॅबला गेलं, तिथंही फेल.

केसपेपर मागितले तर आज या उद्या या. शेवटी लेखी अर्ज देऊन पोच घेतली (अर्जानंतर ७२ तासांत कागद द्यायचे असा डॉक्टरांचाच नियम आहे), मग मिळाले. ब्लड कल्चरमध्ये जंतू आला होता. दवाखाना म्हणे आम्ही सीलबंद बाटल्या विकत घेतो, कंपनी म्हणे दवाखान्याचा आयव्ही सेट घाण असेल. दोघांच्या मध्ये आम्ही! आबांच्या रक्तात पण तोच जंतू निघाला असेल तर बोलणं खुंटलं असतं, पण त्यांचा मुलगा जतचा, फोनवर म्हणाला, "आबा घरी आलेत, आता कशाला भांडण." दोनदा जाऊन आलो, तिसऱ्यांदा आईला घेऊन गेलो, आबा आईला बघून उठून बसले आणि पोराला म्हणाले फाईल दे रं. तोच जंतू होता.

केस सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात टाकली. कंपनी परराज्यातली असली तरी आपण राहतो तिथं टाकता येते, दोन वर्षांच्या आत टाकायची एवढंच. भरलेले पैसे ५ लाखांच्या आत असल्यानं फी शून्य, भरपाई कितीही मागा. पैसे घेऊन केलेला उपचार ग्राहक कायद्यात येतो हे सुप्रीम कोर्टानं १९९५ लाच सांगितलंय आणि २०१९ च्या कायद्यानं सदोष माल बनवणाऱ्यालाही थेट पार्टी करता येतं, म्हणून दोघांनाही ओढलं. मध्येच २०२४ च्या नोव्हेंबरात बळ्ळारीला बाळंतिणी दगावल्या, रिंगर लॅक्टेट सलाईनवर संशय आला, तेव्हा "सलाईननी काय होतंय व्हय" म्हणणारे आमचे पाहुणे गप झाले.

निकाल कंपनीविरुद्ध लागला, दवाखाना सुटला. तो सुटला ते मला अजून पटलेलं नाही, पण वकील म्हणतात सोडा. कंपनीनं ४५ दिवसांच्या मुदतीत राज्य आयोगात अपील केलंय, त्यासाठी निम्मी रक्कम आधी भरावी लागते, ती भरलीय. आमच्या हातात अजून रुपया नाही. पुढच्या महिन्यात तारीख आहे, आबांचा पोरगा पण येतो म्हणालाय.