रानजायफळाची जागा नकाशावर शोधताना: माझा अनुभव

दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे इथली रानजायफळाची राई २०२१ मध्ये जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली, क्षेत्र किती तर २.५९ हेक्टर. झाड मिरिस्टिका मॅग्निफिका, आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत संकटग्रस्त, मुख्य वस्ती केरळ-कर्नाटकात आणि आपल्याकडे म्हणजे अगदी उत्तरेचं टोक. बारमाही पाण्याचा चिखल लागतो, त्याशिवाय जगत नाही. तर अशी जागा सिंधुदुर्गात आणि लागून गोव्यात अजून कुठे असू शकेल हे मॅपिंग करून बघायचं, हा माझा प्रोजेक्ट होता. कुणी असं काही करणार असेल तर उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहितेय.

सगळ्यात जास्त वेळ गेला पॉइंट, म्हणजे झाड आधी जिथे सापडलंय त्या जागा, साफ करण्यात. जीबीआयएफ या जगभरच्या सजीवांच्या नोंदींच्या खुल्या साइटवरून नोंदी डाउनलोड करणं सोपं आहे, पण जुन्या हर्बेरियम शीटवर (वाळवून जपलेल्या नमुन्याच्या कागदावर) नुसतं गावाचं नाव असतं आणि मग पॉइंट गावाच्या मध्यावर पडतो. आणि आयनॅचरलिस्ट, म्हणजे लोक फोटो टाकून नोंदी करतात ती साइट, तिथून आलेल्या नोंदी तर अजून बघून घ्यायच्या, कारण धोक्यातल्या प्रजातींची जागा ते मुद्दाम लपवतात (आणि लपवायलाच हवी), पॉइंट साधारण २० किमीच्या चौकोनात कुठेही टाकलेला असतो. त्यामुळे अचूकतेचा कॉलम बघितल्याशिवाय एकही नोंद घ्यायची नाही. गाळून गाळून थोडेच पॉइंट उरले, पण ते खरे होते.

मग क्यूजीआयएस (नकाशांचं सॉफ्टवेअर) आणि मॅक्सएंट (सापडलेल्या जागांवरून प्रजाती अजून कुठे असू शकेल याचा अंदाज काढणारा प्रोग्राम). वर्ल्डक्लिम या हवामानाच्या डेटाचे १९ लेयर (नकाशाचे थर) मिळतात, सगळे घालायचे नाहीत, बरेचसे एकमेकांचीच गोष्ट सांगतात. ८, ९, १८ आणि १९ नंबरचे मी आधीच काढले कारण त्यांत मध्येच उगाच रेघ मारल्यासारखे तुटक पट्टे येतात. कोरड्या तिमाहीतला पाऊस, पावसाचं हंगामीपण वगैरे मोजकेच ठेवले. मॉडेल चाललं, एयूसी (मॉडेल किती बरोबर ओळखतं याचा गुण) छान आला, नकाशा हिरवागार. आणि कामाचा अजिबात नाही! कारण सरळ आहे, त्या नकाशाचा पिक्सेल (एक चौकोन) साधारण एक किमीचा, म्हणजे आपल्याकडे जवळपास ८० हेक्टर, आणि अख्खी राई अडीच हेक्टरची. हवामान फक्त एवढंच सांगतं की या भागात झाड जगू शकेल, नेमकं कुठे ते पाणी ठरवतं.

म्हणून हवामान बाजूला ठेवून जमिनीच्या उताराकडे वळले. ३० मीटरच्या पिक्सेलमध्ये राईचे जेमतेम २८-२९ पिक्सेल होतात, तेवढ्यात काम भागतं. प्रत्येक पिक्सेलमध्ये वरून किती पाणी गोळा होतं आणि तिथला उतार किती यावरून ओलाव्याचा इंडेक्स काढता येतो. अडचण एवढीच की एसआरटीएमची (अंतराळातून रडारने मोजलेल्या उंचीचा डेटा) उंची दाट जंगलात जमिनीची नसते, बरीचशी झाडांच्या शेंड्यांची असते, त्यामुळे राईखालचा व्हाळ (ओढा) नकाशात उंचवटा होऊन बसतो. फॅबडेम या दुसऱ्या उंचीच्या डेटामध्ये झाडांची उंची वजा केलेली असते, ते वापरल्यावर व्हाळ जागेवर आले.

पुढे सेंटिनल-२ या सॅटेलाइटच्या उन्हाळ्यातल्या इमेज. आजूबाजूचं पानगळीचं रान सुकतं तेव्हा जे हिरवं राहतं ते वेगळं दिसतं. रबर जानेवारी-फेब्रुवारीत पानं गाळतं म्हणून त्या वेळच्या इमेजमध्ये ओळखू येतं, पण पोफळीची बाग नाही ओळखू येत, तिला शिंपण असतं, ती राईसारखीच हिरवी आणि तीही व्हाळाच्याच काठाला. तिथे गुगल अर्थवर झूम करून ओळीत लावलेली झाडं बघणं हाच उपाय. बऱ्याच ठिकाणी आधी राईच असणार आणि ती तोडून बाग केली असणार असं मला वाटतं, हे बघताना फार वाईट वाटायचं.

शेवटी प्रत्यक्ष जाऊन बघणं. एका गावात तिथल्या एका काकांबरोबर व्हाळात उतरलो, घोट्यापर्यंत काळा चिखल, जीपीएसचा आकडा झाडाखाली सारखा इकडेतिकडे. काका म्हणाले, "हंयसर पाणी मे म्हयन्यात पण आटणा नाय." त्यांनी बसल्या बसल्या अशा आणखी व्हाळांची नावं सांगितली, कुठला होळीनंतर आटतो, कुठला पावसापर्यंत टिकतो, सगळं. ही माहिती कुठल्याही सॅटेलाइटला नाही. मी ती वेगळा लेयर करून घातली आणि मॉडेलने दाखवलेल्या जागांपैकी निम्म्याहून जास्त तिथेच गळाल्या, कारण ते व्हाळ मार्चमध्येच कोरडे पडतात. तो लेयर सगळ्यात आधी करा असं माझं ठाम मत आहे.

उरलेल्या जागांचा मोठा प्रिंट काढून गावच्या जैवविविधता समितीला दिलाय, जागांचे नेमके अक्षांश-रेखांश ऑनलाइन टाकलेले नाहीत आणि टाकणारही नाही. यातल्या काही जागा खाजगी आहेत, तर आधी मालकांशी बोलणं, मग तिथे रानजायफळाची रोपं लावणं. बी साठवून ठेवता येत नाही, सुकलं की रुजत नाही, म्हणजे फळं पडतील त्याच दिवसांत ताजं बी नर्सरीत जायला हवं, त्याची तयारी आता चालू आहे.