डाव्या हलचं पाणी: दवाची शंका फिटली

पाणी काढायचे मागचे दोन्ही प्लग (बुचं) काढून, बो (पुढचं टोक) वीतभर उंच ठेवून कॅट, म्हणजे दोन पोकळ हलांची (लांबट नावांसारख्या अंगांची) शिडाची कॅटॅमरान, कोठ्यात लावलीय. तरी सकाळी स्टर्नखाली (मागच्या टोकाखाली) ओल दिसते, आणि ती फक्त डाव्या हलखाली. रात्री १० अंश, दुपारी २९. आधी शंका होती की हे आत धरलेलं दवच असेल. एवढ्या फरकात हल दमट हवा आत ओढतो हे खरं, पण मग ओल दोन्हीकडे हवी. बीम (हल जोडणारे आडवे दांडे) सोडवून दोन्ही हल सुटे केले, बो टायरवर टेकवली आणि स्टर्न धानाच्या काट्याला टांगली. डावी बाजू ३ किलोनं जड भरली. म्हणजे पाणी आतल्या फोमच्या ठोकळ्यात मुरलंय.

शिरतं कुठून, तेही सापडलं! प्लगच्या भोकातून हातपंपानं अगदी हलकी हवा भरायची आणि साबणाचं पाणी ब्रशनं फिरवायचं. कॉम्प्रेसर लावू नका, डेकचा सांधा उघडतो. रडरच्या (सुकाणूच्या) खालच्या गजनच्या (बिजागरीच्या) स्क्रूपाशी बुडबुडे आले. ते भोक इपॉक्सीनं भरून पुन्हा पाडायचं: लॅपॉक्स एल-१२ (राळ) आणि के-६ (हार्डनर), वजनानं १०० ला १०. मिश्रण दुपारीच करा, सकाळच्या गारठ्यात ते काकवीसारखं घट्ट असतं. एका वेळी ५० ग्रॅम पुरे, जास्त केलं तर कपातच तापून गोठतं. नवे स्क्रू ३०४ स्टेनलेस स्टीलचे. गोसीखुर्द धरणाच्या गोड्या पाण्याला महागड्या ३१६ ची चैन कशाला? फक्त दुकानदार हलक्या प्रतीचं २०२ माथी मारतो, आणि चुंबकानं फरक कळत नाही.

पण ओल्या लॅमिनेटला (हलच्या फायबरच्या थरांना) इपॉक्सी धरत नाही, म्हणून आधी सुकवणं. डेकला १२५ मिमीचा इन्स्पेक्शन पोर्ट (झाकणाचं गोल भोक) पाडून आत १०० वॅटचा बल्ब सोडायचा बेत होता. तो रद्द. हवा खेळली नाही तर निघालेली वाफ रात्री आतल्याच भिंतीवर बसेल. त्यापेक्षा पोर्टावर कॉम्प्युटरचा १२ व्होल्टचा पंखा, थेट २० वॅटच्या सोलर पॅनलवर, बॅटरीशिवाय. दिवस मावळला, हवा दमट झाली की पंखा आपोआप बंद! उन्हात मोकळं पॅनल २० व्होल्टच्या वर जातं, म्हणून मध्ये बक कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवणारं सर्किट) हवाच.

प्लगच्या भोकांना मच्छरदाणीची जाळी लावा, नाहीतर कुंभारीण माशी मातीनं बुजवते. बॅटन (ताठ पट्ट्या) काढलेलं शीड धानाच्या पत्र्याच्या कोठीत ठेवलंय, उंदरांची चिंता नाही. हलखाली तणस मात्र घालू नका, उंदीर तिथेच घर करतात. टायर बरे, तेही बीमच्या बरोबर खाली.

पोर्ट बसवायला पॉलियुरेथेन सीलंट घ्या. आंबट वासाचं सिलिकॉन एकदा लागलं की त्या जागी पुढे इपॉक्सी चिकटत नाही.