आजोबांच्या नावाला कंस

आमच्या घरात एक स्कॅनर आहे जो तीनदा भंगारात जाता जाता राहिलाय. शेवटच्या वेळी तर भंगारवाल्याने तो हातात घेऊन वजन केल्यासारखं केलं, काच बघितली, आणि "ताई, काचेचं काय येत नाही हो, प्लास्टिकचे देतो" असं म्हणून जे काही सांगितलं त्यात दोन कप चहाही आला नसता, म्हणून मी चिडून तो परत माळ्यावर टाकला. तत्त्व वगैरे काही नव्हतं, नुसता राग.

दादाने 2007 साली सांगलीत झेरॉक्स-डीटीपीचं दुकान काढलं होतं तेव्हाचा हा. दोन वर्षांत दुकान बंद झालं, झेरॉक्स मशीन विकलं, टेबल विकलं, हा मात्र कुणी घेतला नाही. जाड, जड, पाटासारखा. आतला दिवा म्हणजे बारीक ट्यूबलाइटच, त्यामुळे चालू केला की आधी तापायला वेळ घेतो, आणि आता वय झाल्यामुळे जरा जास्तच घेतो. हल्लीचे सपाट स्कॅनर यूएसबीच्या वायरवरच चालतात, याला स्वतःचा वेगळा अडॅप्टर लागतो, आणि तो अडॅप्टर अर्थातच स्कॅनरबरोबर नव्हता. तो कुठल्या ड्रॉवरमध्ये निघाला ते सांगत बसले तर लेख तिथेच संपेल.

तर एवढा खटाटोप कशासाठी, तर अण्णांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, कागद.

ऑगस्ट 2019 च्या पुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी तिथे 45. आमच्या घरात पाणी आलं ते खिडकीच्या चौकटीपर्यंत. कागदांची पेटी कपाटावर होती म्हणून वाचली, पण खाली ठेवलेली पिशवी भिजली, आणि त्या पिशवीतच अण्णांनी "रोज लागणारे" म्हणून ठेवलेले कागद होते. रोज म्हणजे सात-आठ वर्षांतून एकदा, पण ते असो. पाणी उतरल्यावर आईने ते सगळे दोरीवर चिमट्याने वाळत घातले होते, साड्यांच्या शेजारी सातबारे. वाळले, पण कागद एकदा भिजून वाळला की तो परत सरळ होत नाही, पापडासारखा फुगवटे घेऊन बसतो. इस्त्री करून बघितली, दोन कागद पिवळे पडल्यावर अण्णांनी इस्त्री काढून घेतली.

अण्णा तलाठी होते हे सांगायचं राहिलं. म्हणजे या घरात कागदाला कागद म्हणत नाहीत, नाव घेतात. हा गाव नमुना सहा, हा सात, हा बारा, हा आठ अ. पाहुणे गेल्यावर आपण कोण कुणाचा कोण लागतो हे बोलतो तसं अण्णा फेरफारांबद्दल, म्हणजे जमिनीच्या नोंदी कशा बदलत गेल्या त्याबद्दल, बोलतात.

दिवाळीला गेले तेव्हा ठरवलं की हे सगळं स्कॅन करून टाकायचं. पुतण्या म्हणाला, "आत्या, सातबारा ऑनलाइन मिळतो की, डिजिटल सहीचा, कशाला हे?" त्यावर अण्णांनी त्याच्याकडे असं बघितलं की मीच घाबरले. "ऑनलाइन आज कुणाचं नाव आहे ते दिसतं रे. ते नाव तिथं आलं कसं ते या पिशवीत आहे." विषय संपला.

सुरुवात मी मोबाइलच्या ॲपने केली, खोटं कशाला बोलू. फोटो काढला की ॲप कडा शोधतं, पान सरळ करतं, पांढरंशुभ्र करतं, आणि तिथेच घात होतो. पांढरं करायच्या नादात फिकट शिक्के गेले, आणि फुगवट्यांच्या सावल्या काळ्या होऊन अक्षरांवर बसल्या. मग दादाच्या ऑफिसातल्या नवीन ऑल-इन-वनवर पाच पानं करून आणली. त्यात वेगळीच गंमत, कागदाचा जो भाग काचेला टेकला होता तो लख्ख आणि जिथे फुगवटा होता तिथे अक्षरं धुक्यात गेल्यासारखी. झाकण दाबून धरलं, वर डिक्शनरी ठेवली, धुकं हटेना. मला वाटलं मशीनच बिघडलंय.

बिघडलं नव्हतं. पुतण्याने शोधून सांगितलं ते असं की या पातळ स्कॅनरमध्ये पानाच्या रुंदीएवढी सेन्सरची पट्टी काचेला अगदी लगटून पळते, तिची नजर काचेवर जे आहे तेवढ्यापुरतीच, कागद जरा वर उचलला गेला की तिला चष्मा लागतो. जुन्या जाड स्कॅनरचं तसं नाही. त्यात दिव्याचा उजेड कागदावर पडतो, तिथून आरशांवर जातो, आरशांवरून वळत वळत एका भिंगातून छोट्याशा सेन्सरवर उतरतो. म्हणजे तो कागदाकडे जरा लांबून बघतो, आणि लांबून बघणाऱ्याला थोडं उंचसखल चालतं. म्हणूनच तो जाड. आरशांना जागा नको?

मी हातातला चहा तसाच ठेवला आणि माळ्यावर चढले.

लावला, बटण दाबलं, आणि आतून असा काही आवाज आला की आई स्वयंपाकघरातून "मिक्सरमध्ये चमचा राहिला काय गं" म्हणत बाहेर. कर्रर्र, थांबला, परत कर्रर्र. झालं काय होतं, की या जातीच्या स्कॅनरला खालच्या बाजूला कुलुपाच्या चित्राचं एक छोटं बटण असतं, प्रवासात आतली गाडी हलू नये म्हणून ती अडकवून ठेवायची सोय, आणि दुकान बंद करताना दादाने एवढं एक काम मात्र चोख केलं होतं. उलटा केला, बटण सरकवलं, सुलटा केला, आणि गाडी गुपचूप पुढे जाऊन मागे आली. इतकी वर्षं कुलपात होती बिचारी.

मग ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरला स्कॅनर ओळखायला लागतो तो प्रोग्रॅम. बरोबरची सीडी सापडली, लॅपटॉपला सीडी घालायला जागाच नाही. कंपनीच्या साइटवर ड्रायव्हर होता पण विंडोजच्या तीन पिढ्यांपूर्वीचा. तो टाकला तर विंडोज म्हणालं मी ओळखत नाही याला, आणि जबरदस्तीने टाकला तर सगळं नीट झाल्याचा मेसेज येऊन स्कॅनर मात्र यादीत नाही. यात माझी एक दुपार गेली, तिच्याबद्दल जास्त बोलत नाही. शेवटी पुतण्या म्हणाला, "आत्या, एक मिनिट दे," आणि पेनड्राइव्हवरनं विंडोजऐवजी लिनक्स नावाची दुसरी सिस्टीम चालू केली. काही इन्स्टॉल नाही, काही नाही, डॉक्युमेंट स्कॅनर म्हणून तिथे एक साधं प्रोग्रॅम होतं ते उघडलं तर स्कॅनर नावासकट हजर. लिनक्समध्ये स्कॅनर चालवणाऱ्या त्या सगळ्या कारभाराला सेन म्हणतात, इंग्रजीत त्याचा अर्थ शहाणा, आणि त्या दिवशी माझ्या टेबलावर तेवढा एकच होता.

अण्णा खुर्ची घेऊन शेजारी बसले. मी पान पालथं ठेवायचं, त्यांनी आधी त्याचं नाव सांगायचं, मग झाकण. पहिल्या पाच-सात पानांत काही गोष्टी कळल्या. मजकुराला 300 डीपीआय, म्हणजे इंचाला 300 ठिपके, पुरतो, पण पेन्सिलीला 600 लागतो. ब्लॅक अँड व्हाइट कधीही घ्यायचं नाही, रंगीतच घ्यायचं, कारण काळं-पांढरं करताना मशीन स्वतःच ठरवतं की हे अक्षर आहे आणि हे नाही, आणि तलाठ्याचा फिकट गोल शिक्का त्याच्या मते अक्षर नसतं. पातळ कागदावर मागची बाजू उमटते, त्याला उपाय म्हणजे पानामागे काळा कागद ठेवायचा. हे ऐकून आईचा विश्वास बसेना, काळं ठेवल्यावर पान स्वच्छ कसं दिसेल, पण दिसतं, मागची अक्षरं पुसट होतात.

पेन्सिलीवरून आठवलं. विकास सोसायटीच्या जुन्या पावत्या होत्या, कार्बन घालून लिहिलेल्या, त्याला एक वेगळी पेन्सिल असायची, कोरडी असताना करडी आणि ओली झाली की जांभळी. पुराच्या पाण्याने त्या सगळ्या पावत्या जांभळ्या केल्या होत्या. मी पहिली पावती 600 वर घेतली आणि स्क्रीनवर मोठी करून बघितली तर खताच्या पोत्यांच्या आकड्याभोवती जांभळी शाई कागदाच्या धाग्याधाग्याने पसरत गेलेली, आणि आकडा तरीही वाचता येत होता, कारण लिहिणाऱ्याने पेन्सिल दाबून धरली होती आणि तो दाब कागदात खोल उमटला होता. अण्णांनी चष्मा वर करून बघितलं. "ही आमच्या सेक्रेटरींची सवय. कागद फाटेल एवढं दाबायचे." हळदीच्या पट्ट्याही होत्या, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या, अडत्याने दिलेल्या, आणि त्यातली एक खरोखर पिवळी झालेली, त्या पिवळ्याचा रंग स्कॅनमध्ये इतका बरोबर आला की मी बोटाने स्क्रीन पुसून बघितली.

साइझवरून मात्र वैताग आला. काच ए4 ची, 216 बाय 297 मिलिमीटर, आणि आपला जुना सरकारी कागद फुलस्केप नाहीतर लीगल, म्हणजे एखादी बाजू कायम काचेबाहेर. खरेदीखतं तर सगळीच लांब. आधी वरचा अर्धा, मग खालचा अर्धा, मग कॉम्प्युटरवर जोडायचं, आणि जोड नेमका चतुःसीमेवर. "पूर्वेस ओढा" वरच्या अर्ध्यात आणि ओढ्याच्या पलीकडचे सगळे शेजारी खालच्या.

एक रंगीत पान 300 वर घेतलं की न दाबता ते साधारण 26 एमबी होतं. ही एवढी मेहनत करायची आणि उद्या कुठलातरी ऑनलाइन फॉर्म म्हणणार 200 केबीच्या आत अपलोड करा. म्हणजे हत्ती आणायचा आणि मग त्याला उंबऱ्याखालनं काढायचा. म्हणून मी दोन-दोन प्रती केल्या, एक हत्ती, एक मुंगी.

फाइलींच्या नावांवरून भांडण झालं. प्रोग्रॅम आपला स्कॅन 1, स्कॅन 2 असं देत होता, मी तारखेप्रमाणे लावायच्या म्हणत होते, अण्णा म्हणाले गट नंबरप्रमाणे. मी म्हणलं, बरं. तर जुन्या कागदांवर गट नंबर नाहीच, सर्व्हे नंबर आहे, कारण एकत्रीकरण नंतरचं. मग 1947 च्या तुकडेबंदी कायद्यापासून सुरुवात झाली आणि तुकडे जोडून गट कसे पाडले हे सगळं ऐकून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की गेल्या वीस मिनिटांत ट्यूब आपोआप बंद होऊन गार झालीये.

मधे थोडा वेळ फोटो घेतले, सगळ्यांनाच कागदांचा कंटाळा आला होता. माझ्या बारशाचा एक फोटो होता, नक्षीदार कडांचा. तेव्हा पुतण्याने सांगितलं की जगात कॉम्प्युटरवर पहिल्यांदा जो फोटो स्कॅन झाला तोही बाळाचाच, 1957 साली अमेरिकेत रसेल कर्श नावाच्या इंजिनिअरने स्वतःच्या तीन महिन्यांच्या मुलाचा फोटो चढवला होता, आडवे 176 ठिपके आणि उभे 176 ठिपके, बस. मी हिशेब केला. मी ज्या 600 वर घेत होते त्यात 176 ठिपके म्हणजे साडेसात मिलिमीटर, मोठ्या टिकलीएवढी जागा. त्यांचं अख्खं बाळ त्या टिकलीत मावलं होतं. माझ्या फोटोत तेवढ्या जागेत फक्त पाळण्याची दोरी आली.

आणि मग तो सातबारा.

पान मी घेतलं, स्क्रीनवर आलं, आणि अण्णा एकदम पुढे सरकले. "हे काय?" मला काही दिसेना. "आजोबांच्या नावाला कंस कुणी केला?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सातबाऱ्यावरचं नाव कमी करायचं असेल तर ते खोडत नाहीत, त्याला कंस करतात आणि ज्या फेरफाराने कमी झालं त्याचा नंबर तिथे लिहितात. कंस झाला म्हणजे तो माणूस त्या जमिनीतून गेला. आणि खरंच, स्क्रीनवर भोगवटादाराच्या रकान्यात माझ्या पणजोबांच्या, म्हणजे अण्णांच्या आजोबांच्या नावाआधी एक बारीक, सुबक, डावीकडे पोक काढलेला कंस होता. अण्णांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "उघडलाय आणि बंद केलेला नाही. फेरफार नंबर नाही. फेरफाराशिवाय कंस? कुठल्या शहाण्याचं काम हे?"

मूळ कागद काचेवरून उचलून दिला. त्यांनी तो खिडकीशी नेला, उलटा केला, तिरका धरला. कागदावर कंस नव्हता. मग ते सावकाश परत आले आणि अगदी हळू आवाजात, मला एकटीलाच विचारावं तसं म्हणाले, "कॉम्प्युटरवर चढवलं की नाव कमी होतं काय गं?"

मी झाकण उघडलं. काचेवर एक केस होता. पांढरा, वाकलेला.

आधीची पानं उघडून बघितली तर सगळीकडे तोच, त्याच जागी. पावतीवर खताच्या पोत्यांशेजारी, खरेदीखतात ओढ्याच्या काठाला, बारशाच्या फोटोत माझ्या आत्याच्या खांद्यावर. मागे मागे जात मोजलं, एकतीस पानं. म्हणजे आईने काळ्या कागदाचं बघायला वाकून मान आत घातली होती तेव्हापासून.

आईने केस चिमटीत धरून उजेडात बघितला. "माझाच आहे," ती म्हणाली. "चाळीस वर्षं तुमच्या दप्तराला हात लावू दिला नाहीत. एकदा लागला तर बघा, डायरेक्ट नोंद."

अण्णा काही बोलले नाहीत. रुमालाने काच पुसली, दोनदा, आणि पिशवीतून पहिला कागद परत काढून माझ्यापुढे धरला. "नमुना सहा," म्हणाले. मी ट्यूब तापायला सोडली.